आपली मेल परत का येते? ब्लॉकलिस्टबद्दल सविस्तर बोलू

धागाकर्ता: वर्धाकाठी (ता. आर्वी)

राम राम मंडळी.

आमच्या भागातल्या शेतकरी उत्पादक कंपन्या, काही पतसंस्था आणि एक जिनिंग यांचं मेलचं काम मी पाहतो. कापसाची आवक सुरू झाली की मेलची वर्दळ वाढते आणि तिच्यासोबत एक तक्रारही येते: "भाऊ, आपली मेल वापस आली. खाली कोण्या ब्लॉकलिस्टचं नाव लिहिलं हाय. हे कोण आपल्याले अडवणारे?" राग समजतो. व्यापाऱ्याला भाव कळवायचा असतो, बँकेला कागद द्यायचा असतो आणि सात समुद्रापलीकडची कुठली तरी यादी आडवी येते. तरीही मी या याद्यांच्या, म्हणजे स्पॅम (न मागितलेली कचरा मेल) पाठवणाऱ्या पत्त्यांच्या याद्यांच्या, बाजूनं बोलणार आहे. त्या नसत्या तर ईमेल केव्हाच मोडीत निघाली असती, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुळात मेल पाठवायची पद्धत ठरली १९८२ मध्ये. तेव्हा जाळ्यावर विद्यापीठं आणि संशोधन संस्था होत्या, एकमेकांवर विश्वास होता. त्यामुळे पाठवणाऱ्याचं नाव खरं की खोटं हे तपासायची सोयच त्यात ठेवली नाही. "प्रेषक" या जागी मी तुमच्या बँकेचं नाव लिहिलं तरी ती जुनी पद्धत मला अडवत नाही. आजही जगात फिरणाऱ्या मेलपैकी निम्म्याच्या आसपास स्पॅम असतं, त्याचं मूळ इथंच आहे.

पण एक गोष्ट खोटी सांगता येत नाही. ज्या मशीनवरून मेल येते त्या मशीनचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा तिचा क्रमांक. दोन सर्व्हरांचं बोलणं सुरू व्हायचं तर उत्तर परत त्याच पत्त्यावर पोचावं लागतं. खोटा पत्ता दिला तर उत्तर भलतीकडे जातं आणि बोलणं तिथंच तुटतं. ब्लॉकलिस्टचा सगळा पाया हा आहे: पाकिटावरचं नाव सोडा, पाकीट कुठून आलं ते बघा.

१९९७ मध्ये संगणकतज्ज्ञ पॉल विक्सी यांनी अशी पहिली मोठी यादी चालू केली. पुढच्याच वर्षी स्टीव्ह लिनफर्ड यांनी लंडनमध्ये स्पॅमहाउस सुरू केलं, ज्याच्या याद्या आज सर्वांत जास्त वापरल्या जातात. स्पॅमकॉप ही अशीच दुसरी सेवाही १९९८ चीच.

विचारपूस कशी होते ते मला फार आवडतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. समजा २०३.०.११३.४५ या पत्त्यावरून कोणी मेल घेऊन आलं. घेणारा सर्व्हर तो पत्ता उलटा करतो, ४५.११३.०.२०३, आणि त्यापुढं यादीचं नाव जोडून डीएनएसला विचारतो. म्हणजे ज्या व्यवस्थेतून वेबसाइटचं नाव आयपीत बदलतं, त्याच व्यवस्थेतून. "असं नाव सापडत नाही" हे उत्तर आलं तर पत्ता यादीत नाही. १२७.०.०.२ सारखं उत्तर आलं तर यादीत आहे, आणि शेवटचा आकडा कारण सांगतो. स्पॅमहाउसच्या एकत्रित यादीत २ म्हणजे ओळखीचा स्पॅमवाला, ४ म्हणजे व्हायरसनं किंवा बॉटनेटनं (चोरून ताब्यात घेतलेल्या मशीनच्या टोळीनं) ताब्यात घेतलेलं मशीन, १० आणि ११ म्हणजे ज्या पत्त्यावरून थेट मेल यायलाच नको असा घरगुती किंवा मोबाइल जोडणीचा पत्ता. एवढीशी चौकशी, डोळ्याची पापणी लवायच्या आत होते. मेलचा मजकूर अजून आलेलाही नसतो.

जीनच्या फाटकावर ओल्या कापसाची गाडी मीटर लावून परत पाठवतात, गंजीवर खाली झाल्यावर ओला कापूस निवडत बसत नाहीत. तसंच हे. मजकूर वाचून स्पॅम ओळखणारे फिल्टरही लागतात, पण त्यांना प्रत्येक मेल उतरवून, उघडून, वाचावी लागते. यादीमुळे बराचसा कचरा फाटकावरूनच परत जातो आणि फिल्टरला उरलेल्या मेलकडे नीट लक्ष देता येतं.

आणि सर्वांत महत्त्वाचं, यादी स्वतः कोणालाच अडवत नाही. ती फक्त विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देते. मेल घ्यायची की नाही हे घेणाऱ्या सर्व्हरचा मालक ठरवतो.

प्रश्न असतील तर विचारा. आपल्या भागातले अनुभव तर नक्की लिहा.

---

मोर्शीचा_संत्रा

वर्धाकाठी भाऊ, बरं झालं धागा काढला. आमचा संत्रा उत्पादकांचा गट हाय. दिल्ली, कोलकात्याच्या व्यापाऱ्याले आमी रोज मालाची प्रत अन् भाव मेलनं पाठवतो. आमची वेबसाइट एका होस्टिंगवर हाय, मेल बी तिथूनच जाते. पंधरवडा झाला, अर्ध्या मेल वापस येऊन राहिल्या. आमी तं कधी कोणाले फालतू मेल पाठवली नाई. मंग आमचं नाव यादीत काहून?

---

वर्धाकाठी

दादा, तुमचं नाव बहुतेक यादीत नाहीच. तुमच्या होस्टिंगचा आयपी यादीत असणार. स्वस्त होस्टिंगमध्ये एकाच पत्त्यावर शेकडो साइट ठेवलेल्या असतात. त्यातल्या एकाची वर्डप्रेस साइट जुनी राहिली, कोणी तिच्यात घुसलं आणि तिथून स्पॅम सोडलं, की पत्ता यादीत जातो आणि त्याची झळ सगळ्यांना लागते.

परत आलेली मेल पुसू नका. तिच्यात तीन आकड्यांचा कोड असतो. ५ नं सुरू होत असेल, जसं ५५० किंवा ५५४, तर तो कायमचा नकार. ४ नं सुरू होत असेल तर "नंतर पुन्हा या". त्याच्या शेजारी आयपी आणि यादीचं नाव असतं, बहुतेक वेळा तपासायची लिंकही असते. हे तिन्ही होस्टिंगवाल्याला जसंच्या तसं पाठवा. "मेल जात नाही" एवढंच सांगितलं तर तो आठवडाभर तुम्हालाच प्रश्न विचारत बसेल. आयपी त्याचा आहे, त्यामुळे साफसफाई आणि नाव काढायचा अर्ज दोन्ही त्यानंच करायचं असतं. स्पॅमहाउसच्या मुख्य यादीतून नाव काढायचा अर्ज तर त्या जाळ्याच्या मालकाकडूनच घेतला जातो.

तुमच्या मेल परत आल्या ही खरं तर चांगली गोष्ट आहे. परत आल्या म्हणून तुम्हाला कळलं. त्याच मेल व्यापाऱ्याच्या स्पॅम फोल्डरमध्ये गुपचूप पडल्या असत्या तर तुम्ही उत्तराची वाट पाहत राहिला असता, त्यानं दुसऱ्याचा माल उचलला असता, आणि काय बिनसलं हे दोघांनाही कळलं नसतं. दारात दिलेला नकार पाठवणाऱ्यापर्यंत पोचतो, म्हणून मला तो जास्त प्रामाणिक वाटतो.

---

मूळ_पुसदचा

पुसद सोडून बरीच वर्षं झाली, सध्या पुण्यात डेटा सेंटरमध्ये आहे. वर्धाकाठींनी छान मांडलंय. स्वतःचा मेल सर्व्हर चालवणाऱ्यांसाठी थोडी भर घालतो.

एक, सर्व्हरवर गूगलचा किंवा तसला सार्वजनिक डीएनएस लावून स्पॅमहाउसला विचारू नका. तिथून आलेल्या चौकशीला ते खरं उत्तर देत नाहीत, १२७.२५५.२५५.२५४ हा "चौकशीत चूक आहे" असं सांगणारा कोड देतात. "काहीही उत्तर आलं म्हणजे यादीत" अशी मांडणी ज्या सर्व्हरवर असते, तो मग जगातली प्रत्येक मेल नाकारायला लागतो. हा प्रकार मी एका संस्थेत पाहिला. सकाळपासून एकही मेल आत आली नव्हती आणि सगळे इंटरनेटवाल्याला फोन करत होते. सर्व्हरवरच स्वतःचा डीएनएस रिझॉल्व्हर (डीएनएसला विचारून उत्तर आणणारा प्रोग्राम) चालवा, आणि अपेक्षित आकडे आले तरच नाकारा.

दोन, बंद पडलेल्या याद्या सर्व्हरच्या मांडणीतून काढून टाका. ऑगस्ट २००३ मध्ये ओसिरससॉफ्टची यादी बंद झाली तेव्हा तिनं सगळं जगच यादीत असल्याचं उत्तर द्यायला सुरुवात केली. ओआरडीबी ही यादी डिसेंबर २००६ मध्ये थांबली, तरी लोक तिला विचारतच राहिले. शेवटी मार्च २००८ मध्ये तीही प्रत्येक पत्त्याला "यादीत आहे" म्हणू लागली, तेव्हा कुठं लोक जागे झाले. सॉर्ब्स ही जुनी यादी २०२४ मध्ये बंद झाली. तुमच्या सर्व्हरवर कोणी दहा वर्षांपूर्वी काय लिहून ठेवलंय ते एकदा उघडून पाहाच.

तीन, सगळ्या याद्यांना एकाच तराजूत तोलू नका. ज्या यादीत निरपराध पत्ता सहसा सापडत नाही तिच्यावर थेट नकार द्या. ज्या जरा उतावळ्या आहेत, एका पत्त्यासाठी शेजारच्या पत्त्यांचा आख्खा पट्टा काळा करतात, त्यांच्या उत्तरावरून मेलला फक्त स्पॅमचे काही गुण द्या आणि बाकी फिल्टरला ठरवू द्या.

---

अकोटचा_वकील

माफ करा, पण मला इथं एक गंभीर आक्षेप नोंदवायचाय. या याद्या चालवणारे कोण? खासगी संस्था. त्यांना कोणी निवडलं? कोणी नाही. मोर्शीच्या दादांचा गट कुठल्याही दोषाविना पंधरवडाभर तोट्यात राहिला. नोटीस नाही, सुनावणी नाही. शेजाऱ्याच्या गुन्ह्यासाठी तुम्हाला शिक्षा, हे कुठल्या न्यायात बसतं?

याविरुद्ध लोक न्यायालयात गेलेलेही आहेत. ई-थ्री-सिक्स्टी नावाच्या अमेरिकी मार्केटिंग कंपनीनं स्पॅमहाउसवर खटला भरला. २००६ मध्ये स्पॅमहाउसनं बाजू न मांडल्यामुळे एकतर्फी निकाल लागला आणि १ कोटी १७ लाख डॉलरची भरपाई ठरली.

---

वर्धाकाठी

वकीलसाहेब, त्या खटल्याचा शेवटही सांगू या. अपिलात ती रक्कम टिकली नाही. नुकसान किती झालं याचा पुरावा त्या कंपनीला देता आला नाही. रक्कम आधी २७,००२ डॉलरवर आली आणि २०११ मध्ये अपील न्यायालयानं ती ३ डॉलर केली. तीन.

आता तुमच्या मूळ मुद्द्यावर. अधिकाराचं म्हणाल तर तो यादीवाल्याकडे नाहीच. माझ्या दारात कोणाला घ्यायचं हे मी ठरवतो आणि ठरवताना मी कोणाचा सल्ला घ्यावा हेही मीच ठरवतो. यादी चुका करायला लागली तर सर्व्हरवाले तिला विचारणं बंद करतात, आणि कोणी विचारत नसेल तर यादीला काही किंमत उरत नाही. हा वचक कागदी नाही. अशा कितीतरी याद्या लोकांनी सोडून दिल्या आहेत.

पण छोट्या माणसाला झळ लागते हे मी नाकारत नाही. ज्याच्याकडे स्वतःचा आयपी घ्यायला पैसा आहे, माणूस ठेवायला पैसा आहे, तो दोन तासांत सुटतो. आपल्याकडच्या गटाला मेल का अडली हे कळायलाच आठवडा जातो. माझ्या मते यात दोष होस्टिंगवाल्यांचा जास्त आहे. आपल्या जाळ्यातून स्पॅम सुटतंय हे त्यांना दिसतं, पण गिऱ्हाईक जाईल म्हणून ते डोळेझाक करतात. यादीचा दबाव नसता तर त्यांनी कधीच काही केलं नसतं. होस्टिंगवाल्यांचा यात वाटा किती मोठा असतो, याला नोव्हेंबर २००८ चं उदाहरण घ्या. कॅलिफोर्नियातल्या मॅककोलो नावाच्या होस्टिंग कंपनीची जोडणी तिला इंटरनेट पुरवणाऱ्यांनी तोडली, आणि जगभरातलं स्पॅम जवळपास एका रात्रीत निम्म्याहून खाली आलं. एवढा सगळा कचरा एका कंपनीच्या आसऱ्यानं चालला होता.

---

अकोटचा_वकील

निकालाचा शेवट मान्य. होस्टिंगवाल्यांची जबाबदारी हा मुद्दाही पटला. तरी निरपराध माणसाला दाद मागायची ठरलेली मुदत असावी, हे माझं म्हणणं कायम आहे.

---

वर्धाकाठी

त्यात आपलं दुमत नाही.

---

अहेरीतून

मला भीती वाटून राहिली म्हणून विचारतो. इथं टॉवर एकच, सगळं मोबाइलच्याच नेटवर. काल एका साइटवर आपला आयपी तपासला तर "ब्लॉकलिस्टमध्ये आहे" असं लाल अक्षरात आलं. माझा फोन हॅक झाला का? घरच्यांनी बँकेचं ॲप काढून टाकलं.

---

मूळ_पुसदचा

भाऊ, घाबरू नका, ॲप परत टाका. कुठल्या यादीत आहे ते बघा. बहुतेक स्पॅमहाउसची पीबीएल असेल. ती गुन्हेगारांची यादी नाही. "या पत्त्यावर साधी जोडणी आहे, इथून सर्व्हरसारखी थेट मेल येऊ नये" एवढंच ती सांगते. कित्येक नेट कंपन्या आपले पट्टे स्वतःहून तिच्यात नोंदवतात. तुम्ही फोनवरून मेल पाठवता ती आधी पासवर्ड देऊन तुमच्या मेलसेवेच्या सर्व्हरवर जाते, तिथून पुढं जाते. घेणाऱ्याला पत्ता दिसतो तो त्या सर्व्हरचा. त्यामुळे तुमचं काहीच अडत नाही.

दुसरं म्हणजे मोबाइलवर एकच बाहेरचा पत्ता शेकडो लोक वापरतात. त्यातल्या कोणाचं मशीन बिघडलेलं असलं तर तो पत्ता बॉटनेटच्या यादीतही दिसेल, आणि तुमच्या फोनशी त्याचा संबंध नसेल. पतसंस्थेत किंवा जिनिंगमध्ये कायमचा स्वतंत्र आयपी घेतलाय आणि तो या यादीत दिसला, तर मात्र तातडीनं सगळे संगणक तपासा. तेव्हा ती यादी तुमच्या घरात चोर शिरल्याची वर्दी देत असते.

---

अहेरीतून

लय उपकार झाले दादा. पीबीएलच लिहिलं हाय. घरी सांगतो.

---

घाटंजीची_शिक्षिका

मी जिल्हा परिषद शाळेत आहे. शाळेच्या जीमेलवर शिष्यवृत्तीच्या, अनुदानाच्या नावानं मेल येतात. बोधचिन्ह सरकारी दिसतं, लिंक भलतीच असते. पालकही मला दाखवायला आणतात. आमच्यासारख्यांना या याद्यांचा काही उपयोग आहे का? आम्ही तर सर्व्हर वगैरे चालवत नाही.

---

वर्धाकाठी

ताई, आहे, फक्त तो तुम्हाला दिसत नाही. गूगलचा पत्त्यांच्या नावलौकिकाचा हिशेब त्यांच्या घरातच चालतो आणि बहुतेक कचरा तुमच्यापर्यंत येण्याआधीच थांबतो. शिवाय आयपीच्या याद्यांसारख्याच डोमेनच्याही, म्हणजे वेबसाइटच्या नावांच्याही, याद्या असतात. स्पॅमहाउसची डीबीएल, सर्बल, यूआरआयबीएल. त्या मेलच्या आतली लिंक कोणत्या नावाकडे नेते ते पाहतात. फसवणारा माणूस पाठवायचं मशीन रोज बदलेल, पण पैसे किंवा ओटीपी काढून घ्यायला शेवटी त्याला तुम्हाला कुठल्या तरी साइटवर न्यावंच लागतं. तिथं त्याला धरता येतं.

यात तुमचा वाटा मोठा आहे. अशी मेल नुसती पुसू नका, "स्पॅम म्हणून कळवा" दाबा. त्या एका दाबण्यानं पाठवणाऱ्याची पत घसरते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलनं दिवसाला ५,००० पेक्षा जास्त मेल पाठवणाऱ्यांना नियमच घातलाय की तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली राहिलं पाहिजे. म्हणजे हजारात तीन. घाटंजीत बसून दाबलेलं बटणही त्या हिशेबात जातं.

याची दुसरी बाजूही पालकांना सांगा. स्वतः मागवलेली बातमीपत्रं नको झाली की लोक तीही स्पॅम म्हणून कळवतात. त्यानं खऱ्या पाठवणाऱ्याचं नुकसान होतं. तिथं "सदस्यत्व रद्द" वापरा. अनोळखी मेलमधल्या तसल्या लिंकला मात्र हात लावू नका. आणि आठवड्यातून एकदा स्पॅम फोल्डर चाळा. शिक्षण विभागाचं खरं पत्र तिथं सापडलं तर "स्पॅम नाही" दाबा.

यादीला न सापडणारा एक प्रकार राहतोच. तुमच्या ओळखीच्या कोणाचा तरी जीमेलचा पासवर्ड चोरून त्याच्याच खात्यावरून मेल आली, तर पत्ता गूगलचा आहे, तो कोण अडवणार? तिथं लिंक उघडण्याआधी त्या माणसाला फोन करणं एवढाच उपाय आहे. पैसे गेलेच तर वेळ न दवडता सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन.

---

दारव्ह्याचं_सेवाकेंद्र

आमच्याकडं एका कृषी केंद्रवाल्याले मेल आली: "तुमचं डोमेन ब्लॅकलिस्ट झालं, आजच पैसे भरा, नाही तं मेल कायमची बंद." तो स्कॅनर घेऊन पैसे पाठवायलेच बसला होता. हे खरं असते का?

---

मूळ_पुसदचा

थांबवलंत ते बरं केलंत. स्पॅमहाउस नाव काढायचा एक पैसाही घेत नाही. स्पॅमकॉपच्या यादीतून तर तक्रारी थांबल्या की साधारण एका दिवसात नाव आपोआप उतरतं. लवकर काढायचे पैसे मागणाऱ्या काही याद्या आहेत, पण त्यासुद्धा स्वतःहून अशी मेल धाडून क्यूआर कोड दाखवत नाहीत. पैसे भरून नाव काढलं आणि आतलं भोक तसंच राहिलं, तर दोन दिवसांत पत्ता परत यादीत जातो. आधी कारण दुरुस्त करायचं: चोरीला गेलेला पासवर्ड बदलायचा, जुनी वेबसाइट अद्ययावत करायची, संगणक साफ करायचा. मगच अर्ज.

---

मोर्शीचा_संत्रा

भाऊ, काम झालं. तुमी सांगितलं तसा कोड, आयपी अन् यादीचं नाव होस्टिंगवाल्याले पाठवलं. त्यायनं कबूल केलं का त्याच पत्त्यावरच्या दुसऱ्या एका साइटमंदून स्पॅम जाऊन राहिलं होतं. थे साइट बंद केली, आमाले दुसरा आयपी देला. काल कोलकात्याच्या दोन्ही व्यापाऱ्यांचं उत्तर आलं. आता थो म्हणते एसपीएफ, डीकेआयएम अन् डीमार्क लावून घ्या. हे कायले लागते? यादीतून तं निघालो ना?

---

वर्धाकाठी

लावून घ्याच दादा. यादी सांगते की हा पत्ता वाईट आहे. या तीन गोष्टी सांगतात की ही मेल खरंच तुमच्या गटाची आहे. एसपीएफमध्ये तुमच्या नावानं कोणत्या सर्व्हरांनी मेल पाठवायची ते जाहीर होतं. डीकेआयएम मेलवर सही करतं, वाटेत मजकूर बदलला तर सही जुळत नाही. डीमार्कमध्ये तुम्ही घेणाऱ्याला सांगता की या दोन्हींपैकी एकही जुळलं नाही तर त्या मेलचं काय करायचं. उद्या कोणी तुमच्या गटाच्या नावानं व्यापाऱ्याला खोटा खाते क्रमांक पाठवला, तर त्याला अडवायची सोय यात आहे. होस्टिंग बदललं की एसपीएफमधला पत्ताही बदलायला सांगा.

---

मूळ_पुसदचा

आणि डीमार्क पहिल्याच दिवशी "नाकारा" वर ठेवू नका. आधी "काही करू नका, फक्त अहवाल पाठवा" वर ठेवा. काही आठवडे अहवाल बघा. गटाच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून पावत्या जात असतील तर तोही एक पाठवणारा निघतो, आणि त्याचं नाव एसपीएफमध्ये टाकायचं बहुतेक वेळा राहून जातं. सगळे खरे पाठवणारे जुळले की मग "स्पॅममध्ये टाका", आणि त्यानंतर "नाकारा". अहवाल वाचायला किचकट असतात. पहिले दोन-तीन इथं चिकटवा, पत्ते झाकून. मी बघून सांगतो.

---

मोर्शीचा_संत्रा

हो, टाकतो. हिशेबाचं सॉफ्टवेअर हाय आमच्याकडं, पावत्या तिथूनच जातात. पोराले आजच सांगतो.